आतली शेगडी

मी चेन्नईला राहायला गेलो त्याच वर्षी आमच्या घरमालकांकडे एका जिवंत बाईचं वर्षश्राद्ध झालं. श्राद्धाची भांडी त्या बाईनंच घासली.

हे मी नाशिकला परत आल्यावर अनेकांना सांगून पाहिलं. लोक हसतात, मी काहीतरी रचून सांगतोय असं समजतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी नोकरी होती आणि कंपनीची बस मला वेलचेरीच्या कोपऱ्यावरून उचलायची. परगावात मराठी घरमालक मिळाला म्हणून मी सुरुवातीला खूश होतो. मालक तंजावरकडचे मराठी. पूर्वज केव्हातरी राजाच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. मालकांच्या मते खरं मराठी त्यांच्याबरोबर इकडे आलं होतं. आम्ही मागे राहिलेल्यांनी उरलंसुरलं घेऊन त्याची वाट लावली होती. सरकारी खात्यातल्या मोठ्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले होते. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा हुद्द्याची अक्षरं मोठी होती, आणि ‘निवृत्त’ हा शब्द इतका बारीक की तो वाचायला दाराला नाक लावावं लागे.

मी वरच्या मजल्यावर राहायचो. खाली मालक आणि मालकीणबाई. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिशेबानं दिवाळीच्या सुमाराला, वेलचेरीत गुडघाभर पाणी भरे आणि खालच्या खोल्यांत शिरे. फक्त एका खोलीत शिरत नसे. त्या खोलीचं जोतं हातभर उंच बांधून घेतलं होतं. ते आतलं स्वयंपाकघर. बाहेरच्या ओट्यावर गॅस होता, त्यावर कॉफी, इडली, पाहुण्यांचा स्वयंपाक. आत कोळशाची शेगडी होती. देवाचा नैवेद्य, कुळधर्म, श्राद्धपक्षाचा स्वयंपाक त्या शेगडीवर, आणि तो कोणी करायचा हे ठरलेलं: घराण्यातल्या बाईनं, न्हाऊन, ओलेत्यानं, मध्ये कुणाला न शिवता. मालकीणबाई घराण्यातल्याच होत्या, पण त्यांचे गुडघे दुखत, धुरानं दमा उठे, आणि ओलेत्यानं सर्दी होई. म्हणून ते सगळं सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाई करत.

बाई म्हणजे मालकांच्या थोरल्या चुलतभावाच्या विधवा. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही, माहेरी कुणी नाही, तेव्हापासून या घरात. नातं होतं म्हणून त्यांना पगार नव्हता, आणि नातं लांबचं होतं म्हणून त्या सगळ्यांच्या नंतर जेवत. मालक त्यांना सणासुदीला ‘वहिनी’ म्हणत, एरवी काहीच म्हणत नसत. काम असलं की हवेत बोलत. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. आमच्याकडे घरकाम करणारी प्रत्येक बाई मावशीच असते. त्यात नातं कुठेच नसतं, पण उच्चार तरी होतो.

मी राहायला आलो तेव्हा मावशी त्या घरात नव्हत्या. त्या मेल्या होत्या. दिवाणखान्यात हार घातलेला त्यांचा फोटोही नव्हता, पण मालक कुणी आलं की पहिल्यांदा समुद्राची गोष्ट सांगत, आणि त्या गोष्टीच्या शेवटी मावशी बुडत.

गोष्ट अशी. मालकांना अंदमान पाहायचं होतं. मालकीणबाई बाहेरचं खात नसत आणि बाहेरचं पाणीही पीत नसत. म्हणून मावशींना बरोबर घेतलं, एक छोटी शेगडी घेतली, आणि तिथल्या मुक्कामावर मावशींनी सोवळ्यात भरलेलं पाणी दोन प्लास्टिकच्या घागरींतून जिथं जाऊ तिथं घेतलं. चेन्नईत ज्या रंगीबेरंगी घागरी टँकरपुढे रांगेत उभ्या दिसतात, त्यातल्याच या. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी खासगी लाँच होती. वादळ आलं, लाँच कलली आणि उलटली. मालक आणि मालकीणबाई जाकिटं घालून होते. दुसऱ्या बोटीनं त्यांना तासाभरात उचललं. मावशींना जाकीट मिळालं नव्हतं. मालकांच्या गोष्टीत लाट नारळाच्या झाडाएवढी होती. मी सुट्टीला घरी जाऊन परत आलो तोवर ती दोन मजल्यांनी वाढली होती.

मावशी सापडल्या नाहीत. आणि इथे एक अडचण उभी राहिली. मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा अमेरिकेत, सुट्टी घेऊन येणार, तारीख हलवता येत नव्हती. घरात मृत्यू झाला असेल तर त्याचे विधी उरकल्याशिवाय लग्न करता येत नाही. झाला नसेल तर प्रश्नच नाही. पण झाला की नाही हे समुद्र सांगत नव्हता. अशा माणसाची वाट पाहायला शास्त्रात बरीच वर्षं सांगितली आहेत. मुहूर्त तर महिन्यावर आला होता. घरचे वाध्यार, म्हणजे आमच्या भाषेत उपाध्याय, मोठे व्यवहारी होते. त्यांनी सांगितलं की समुद्राच्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ नसतो. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस केला, डोकं म्हणून नारळ ठेवला, आणि त्याला रीतसर अग्नी दिला. तेरा दिवस झाले, सुतक फिटलं, लग्न झालं. जेवण उत्तम होतं म्हणतात. आतल्या शेगडीवरचा नैवेद्य तेवढा मालकीणबाईंनी खोकत खोकत केला.

वर्ष भरायला आलं तेव्हा मावशी रिक्षातून दारात उतरल्या.

मी तेव्हा जिन्यात होतो. सडपातळ, काळवंडलेली बाई, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट आणि खाली लुंगी, बरोबर एक पोलीस. पोलिसानं कागदावर मालकांची सही घेतली, मालकांनी ती इंग्रजीत केली, हुद्द्यासकट. मालकीणबाई दारात आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “थांब. आत येऊं नको. वाध्यारांना विचारूं.”

मावशी बाहेर पायरीवर बसल्या. मी वरून पाण्याची बाटली आणून दिली. त्यांनी ती घटाघटा प्यायली आणि मग मला विचारलं, “तुम्ही कोण?”

“वरचा भाडेकरू.”

“बरं आहे. कोणी तरी नवं आलं. मी मेल्ये असं हीं लोकं म्हणतात, कां?”

“हो. तेरावाही झाला.”

“जेवायला काय केलं होतं?”

मला माहीत नव्हतं. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं असं दिसलं.

समुद्रातली गोष्ट त्यांनी मला पुढे तुकड्यातुकड्यानं सांगितली, आणि मालकांच्या गोष्टीपेक्षा ती फार छोटी होती. लाँच उलटली तेव्हा घागरी त्यांच्या हातात होत्या, कारण मालकीणबाईंनी त्या खाली ठेवायच्या नाहीत असं बजावलं होतं. पाणी सांडलं, घागरी रिकाम्या झाल्या आणि तरंगल्या. मावशींनी त्या पदरानं एकमेकींना बांधल्या आणि मध्ये मान घालून राहिल्या. “लाट केवढी होती?” मी विचारलं. “लाट बघायला डोळे उघडायला हवेत. मिठानं अस्के झोंबत होते,” त्या म्हणाल्या. ‘अस्कं’ म्हणजे त्यांच्या बोलीत सगळं. परदेशी मच्छीमारांच्या होडीनं त्यांना उचललं आणि आपल्या बंदरावर नेलं. तिथं त्यांच्यापाशी कागद नव्हते, त्यांची भाषा कुणाला येत नव्हती, आणि घरचा फोन नंबर त्यांना पाठ नव्हता; त्या घरात फोन वाजायचा, पण त्यांच्यासाठी कधीच नाही. परदेशी बायकांना ठेवतात तशा कोठडीत त्या राहिल्या. तिथं तमिळ बोलणारा एक दुकानदार तांदूळ पोचवायला यायचा, त्याच्यामुळे अखेर कागद हलले.

मालकीणबाई मात्र घागरींचं श्रेय सोडायला तयार नव्हत्या. “माझं सोवळं नसतं तर घागरी नसत्या, घागरी नसत्या तर ती नसती,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या हे सांगत असताना मावशी मागच्या दारी कपडे धूत असायच्या.

कारण वाध्यारांनी निर्णय दिला होता. विधी झालेला आहे, तो मागे घेता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं बाई नाहीत. बाहेरच्या घरात राहायला हरकत नाही, झाडलोट, धुणं, भांडी चालतील. आतल्या शेगडीला मात्र त्यांचा हात लागता कामा नये, नाहीतर देव आणि पितर दोघेही उपाशी राहतील. आणि वर्षश्राद्ध जवळ आलेलं, ते चुकवणं बरं नव्हे. एकदा सुरू केलेलं पुरं करावं.

म्हणून ते झालं. बाहेरून एक स्वयंपाकी आणावा असं मालक म्हणत होते, पण ‘आतल्या शेगडीला परका?’ म्हणून मालकीणबाईंनीच ओलेत्यानं केलं आणि आठवडाभर वाफारे घेतले. मी संध्याकाळी बसमधून उतरून आलो तेव्हा मागच्या अंगणात नळाखाली पातेल्यांचा ढीग होता आणि मावशी राख लावत बसल्या होत्या.

“मावशी, हे तुम्ही घासताय?”

“मग कोण? शेगडीला मेलेलीचा हात चालत नाहीं, भांड्यांना चालतो.” त्यांनी पातेल्याच्या बुडाची खरपुडी नखानं उकरली. “पायस करपलं. माझ्या नांवाचं पायस करपवलं हिनं.”

“तुम्ही खाल्लं?”

“कावळ्यानं शिवलं नाहीं म्हणून मला दिलं.”

हसायला हवं होतं बहुतेक. त्याही हसल्या नाहीत. मग त्यांनी मान वर न करता सांगितलं की त्यांना दुसरं काही नको. चांगली साडी नको, वेगळी खोली नको. शेगडी हवी. या घरात आल्यापासून त्यांना एवढी एकच जागा माहीत होती, जिथं त्या उभ्या असताना बाकीच्यांना बाहेर थांबावं लागे. “मी आंत असल्यें म्हणजे हीं लोकं दाराशीं उभीं राहून विचारत, झालं कां? मी म्हणायची, थांबा. रोज. आतां मी कुठंही बसल्ये तरी कोणालाही थांबावं लागत नाहीं.”

मी सुचवलं की वर माझ्या खोलीत गॅस आहे, हवं ते करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

यानंतर संस्था आली. शहरातल्या मराठी लोकांची एक संस्था होती, तिचं नाव तिच्या सभासदांच्या संख्येपेक्षा लांब होतं. तिच्यात दोन तट: जुने तंजावरकडचे आणि आमच्यासारखे नोकरीसाठी आलेले. जुन्यांना नव्यांचं मराठी उद्धट वाटे, नव्यांना जुन्यांचं करमणुकीचं. वर्धापनदिनाला दरवर्षी कुणाचा तरी सत्कार व्हायचा. आदल्या वर्षी ज्यांचा ठरला होता ते कार्यक्रमाच्या आधीच वारले, त्यामुळे यंदा कार्यवाहांना खात्रीचा जिवंत माणूस हवा होता. कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं.

कार्यवाह बँकेतून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र, बोलताना डोळे मिटणारे गृहस्थ होते. ते मला भेटायला वर आले. “मानपत्र तुम्ही लिहा. पुण्याचं मराठी पाहिजे.”

“मी नाशिकचा आहे.”

“तेच ते,” ते म्हणाले.

मी मानपत्र लिहितोय हे कळल्यावर मावशी जिन्याशी आल्या. वर यायच्या नाहीत, खालच्या पायरीवरूनच म्हणाल्या, “त्यात एक घालाल कां? मला आंत घ्या म्हणून.”

मी घातलं. ‘समुद्राशी झुंज’ आणि ‘मृत्यूवर मात’ अशा कार्यवाहांनी सुचवलेल्या शब्दांनंतर शेवटी लिहिलं की घरच्या ज्या शेगडीपुढे बाईंचं आयुष्य गेलं तिथं त्यांना पूर्वीच्या मानानं पुन्हा उभं राहता यावं, अशी ही संस्था आशा व्यक्त करते. कार्यवाहांना ते वाक्य घरगुती वाटलं, पण ‘आशा व्यक्त करते’ आवडलं, म्हणून राहिलं.

कार्यक्रम एका लग्नाच्या हॉलमध्ये झाला. मागचा पडदा आदल्या दिवशीच्या लग्नाचाच होता, वधूवरांच्या नावांवर कागद चिकटवला होता. मंचावर अध्यक्ष, कार्यवाह, पाहुणे, ‘सहप्रवासी’ म्हणून आमचे मालक आणि टोकाला मावशी. त्यांच्यासाठी खुर्ची कमी पडली, मग हॉलवाल्यानं प्लास्टिकची आणली. मालकांनी लाटेचं वर्णन केलं; ती आता मंदिराच्या गोपुराएवढी झाली होती. अध्यक्षांनी मावशींना ‘सागरकन्या’ म्हटलं, आपण लहानपणी विहिरीत पडलो होतो ती हकिगत सांगितली आणि दोन्हींतलं साम्य दाखवलं. शाल, नारळ, मानपत्र. मी मानपत्र वाचलं. शेवटच्या वाक्यालाही टाळ्या पडल्या, पण त्या मानपत्र संपल्याच्या होत्या.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मावशी माइकपासून लांब उभ्या राहिल्या. “मी जिवंत आहें,” त्या म्हणाल्या. “दिसत्यें अस्क्यांना. तर मला शेगडीपाशीं जाऊं द्या. एवढंच.”

हॉल गहिवरला. मी मागे बसलेल्या एका बाईंना शेजारणीला सांगताना ऐकलं, “बघ, केवढी सेवावृत्ती. मरणातून उठून आली, तरी कामच मागते.” दुसरी म्हणाली, “आमची कामवाली एका दिवसाच्या तापात चार दिवस येत नाही.” मालकीणबाई पहिल्या रांगेत डोळे टिपत होत्या. टाळ्या बराच वेळ चालल्या, आणि टाळ्यांनी अध्यक्षांना चेव आला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की शास्त्रात यावर उपाय आहे, मेला समजून विधी केलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालता येतो, आणि तो विधी ही संस्था आपल्या वतीनं याच हॉलमध्ये करील.

मालकांना नाही म्हणता येईना. वाध्यारांनाही नाही, कारण अध्यक्षांच्या घरचे उपाध्यायही तेच होते. त्यांनी पोथी उघडली आणि सगळं सापडलं. तुपानं स्नान, कांबळ्यात गुंडाळणं, मग जातकर्म, मग नामकरण, जसं नवजात मुलाचं तसं. फक्त जन्म द्यायला कुणीतरी आईबाप म्हणून बसायला हवेत. कार्यवाहांनी मालकीणबाईंना विचारलं. त्या बिथरल्या. “ती नात्यानं माझी मोठी जाऊ. मी तिची आई व्हायची? लोक काय म्हणतील?”

“मग आम्ही बसू,” कार्यवाहांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांना नवी कांजीवरम नेसायला निमित्त हवं होतं असं मला वाटतं. असं म्हणणं अन्याय असेल तर असो.

मी गेलो होतो. एका पितळी परातीत तूप होतं, ते मावशींच्या डोक्यावर आणि खांद्यांवर ओतलं. साठीच्या घरातली बाई कांबळं पांघरून कार्यवाहांच्या सौभाग्यवतींच्या पुढ्यात पाय पोटाशी घेऊन पडली. वाध्यार मंत्र म्हणत होते. मग ते म्हणाले, “आता रडायला पाहिजे. मूल रडतं.” मावशी कांबळ्यातून म्हणाल्या, “नंतर रडेन.” लोक हसले. फोटो काढले गेले. कार्यवाहांनी मधाचं बोट त्यांच्या जिभेला लावलं आणि नवं नाव कानात सांगितलं. कुणी विचारलं नाही की आधीचं नाव कुणाला माहीत होतं का.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि घरात कुळधर्माचा नैवेद्य. मी वर्तमानपत्र घ्यायला खाली गेलो तेव्हा मावशी न्हाणीघरातून ओलेत्या बाहेर आल्या होत्या. आतल्या खोलीच्या उंच जोत्यावर त्यांनी एक पाय ठेवला होता. मालकीणबाई दारात आडव्या उभ्या.

“काल झालं नां अस्कं?” मावशी म्हणाल्या. “आतां काय?”

“झालं. पण कुणाची मुलगी झालीस तूं?”

मावशींना कळलं नाही. मलाही नाही.

“कार्यवाहांची,” मालकीणबाई म्हणाल्या. रात्रभर त्यांनी यावर विचार केला होता हे दिसत होतं. आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. “त्यांचं गोत्र वेगळं. आमच्या घराण्यांत तूं लग्न करून आलीस ती मागच्या जन्मीं. तो जन्म संपला. आतां तूं परगोत्रातली, बिनलग्नाची. घराण्याच्या शेगडीला तुझा हात कसा चालेल? विचार वाध्यारांना.”

वाध्यारांना फोन केला. मालकांनीच केला, पोर्चमध्ये उभं राहून. सगळं त्यांना सांगितलं. मग मालक म्हणाले, “हां... हां... बरोबर आहे,” आणि फोन ठेवला.

“कार्यवाहांच्या घरी जायला हवं तिनं, खरं म्हणजे,” मालक हवेत म्हणाले.

मावशी जोत्यावरचा पाय काढायला तयार नव्हत्या. ओलं पातळ टपकत होतं. “मग मी विधवाही नाहीं,” त्या म्हणाल्या. “नवरा मागल्या जन्मीं मेला. मला कुंकूं लावा. फुलं द्या. द्याल कां?”

“थट्टा करूं नको,” मालकीणबाई म्हणाल्या.

“मी करत्यें थट्टा?”

मला वाटलं आता तरी मालक काही बोलतील. ते वर्तमानपत्राची घडी उलगडत होते. मी म्हणालो, “काका, ती लाँच बुडाली तेव्हा घागरी कुणाच्या गोत्राच्या होत्या?” ते मला म्हणाले की मी भाडेकरू आहे. तेही खरंच होतं.

कार्यवाहांकडे मी मावशींना घेऊन गेलो, दुपारी, शेअर रिक्षातून. त्यांची फ्लॅटची जागा प्रशस्त होती. सौभाग्यवतींनी थंडगार ताक दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. “अहो, ते प्रतीकात्मक होतं,” कार्यवाह डोळे मिटून म्हणाले. “संस्थेनं आपलं कर्तव्य केलं.” भिंतीवर विधीचा फोटो आधीच लावला होता, चौकटीत. त्यात सौभाग्यवतींची साडी छान आली होती. मावशींचा चेहरा कांबळ्यात होता.

येताना मावशी रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. शेजारच्या माणसाचा डबा त्यांच्या गुडघ्याला लागत होता, तरी त्या हलल्या नाहीत. “अस्के बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “वाध्यार बरोबर, ती बरोबर. माझीच जागा राहिली नाहीं कुठं.”

त्यानंतर श्रावणातल्या एका शुक्रवारी मालकीणबाईंना ताप होता आणि नैवेद्य चुकवायचा नव्हता. मालकांनी केटरिंगवाल्याकडून एक माणूस आणला. जानवं दिसलं, तेवढ्यावर त्याला आत घेतला. मावशी अंगणात घमेल्यात कोळसे फोडत होत्या. शेगडीला कोळसे अजूनही त्याच फोडून देत, दाराबाहेर ठेवायला चालत होते. घमेलं दारात ठेवताना त्यांनी आत वाकून त्या माणसाला तमिळमध्ये विचारलं, “तुझं गोत्र कोणतं, अप्पा?”

तो वांगी चिरत होता. “काय माहीत, अम्मा. घरी विचारावं लागेल,” तो म्हणाला, आणि पुढे चिरत राहिला.

मालकीणबाई शेजारच्या खोलीत पलंगावर होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी कूस बदलून पांघरूण वर ओढलं. मावशी क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या, नळाखाली हात धुतले, माजघरातल्या दोरीवरचं आपलं दुसरं पातळ घडी करून पिशवीत घातलं आणि समोरच्या दारानं बाहेर पडल्या. त्या दारानं त्या कधी जात नसत, त्यामुळे मालकांनी मान वर करून पाहिलं.

“कुठे?” ते म्हणाले. मावशींना उद्देशून त्यांनी थेट काही बोलल्याचं मी ते पहिल्यांदा ऐकलं.

 मावशींना चप्पल घालायला थोडा वेळ लागला.

पुढे काही महिन्यांनी मला त्या स्टेशनजवळच्या एका मेसमध्ये दिसल्या. आयटीतल्या पोरांसाठी दोन वेळचं जेवण करून देणारी जागा, खालच्या तळघरात. मोठे गॅस, ॲल्युमिनियमची पातेली, भिंतीवर टीव्ही. मी ताट घेऊन उभा होतो तेव्हा त्यांनी मला सांबार वाढलं आणि ओळखलं.

“इथं बरं आहे का, मावशी?”

“इथं कोणी विचारत नाहीं, तूं मेल्येस कां जिवंत,” त्या म्हणाल्या. “काय आहे हें पण विचारत नाहीत. गिळतात.”

“निदान शेगडीपाशी उभ्या आहात.”

त्यांनी पळी पातेल्यात सोडली. “ही शेगडी कोणाचीही आहे,” त्या म्हणाल्या. “मी उद्यां आल्यें नाहीं तर दुसरी उभी राहील. कोणाला थांबावं लागणार नाहीं.” माझ्या मागे रांग होती. मागचा पोरगा ताट पुढे करून, कानाला फोन लावून उभा होता. त्यांनी त्याला वाढलं, आणि मी बाजूला झालो.

खाली मालकांकडे सगळं सुरळीत चाललं होतं. केटरिंगचा माणूस कायमचा झाला. मालकीणबाई पाहुण्यांना सांगत की आम्ही तिच्यासाठी काय केलं नाही. पुन्हा जन्माला घातली, आणि ती निघून गेली. पाहुणे मान हलवत. संस्थेच्या वार्षिक अंकात विधीचा फोटो छापून आला, खाली अध्यक्षांचं, कार्यवाहांचं आणि त्यांच्या सौभाग्यवतींचं नाव होतं. मावशींचं नव्हतं. ते कोणतं छापायचं, जुनं की नवं, हा प्रश्न पडला असेल, असं आधी मला वाटलं. नंतर कार्यवाहांनी सांगितलं की जागा कमी पडली.